खोडण्याचं काम

मागच्या पंधरवड्यात एका शुक्रवारी नात हिंजवडीहून घरी आली ती एकदम खुशीत. चपला काढता काढताच म्हणाली, "आजी, आज मी बाराशे ओळी उडवल्या!"

मला आधी वाटलं, काहीतरी बिनसलं. आमच्या वेळी एखाद्या मुलाच्या वहीतल्या बाराशे ओळी उडाल्या असत्या तर घरात रडारड झाली असती. पण हिचा चेहरा असा की जणू पहिला नंबर आलाय. मी म्हटलं, "अगं, लिहिण्याचा पगार देतात ना तुला? मग खोडलंस काय?"

तेव्हा हसली. पण सोमवारी रात्री फोन केला तेव्हा आवाज पडलेला. पंधरवड्याची आढावा बैठक झाली होती. प्रत्येकाने सांगायचं, काय नवीन केलं. हिने सांगितलं, जुना कोड साफ केला. वरिष्ठ म्हणाले, "ते ठीक आहे, पण काम काय केलंस?" वाक्य साधंच आहे, ओरडले वगैरे अजिबात नाहीत. पण ते तिला लागलं आणि, खरं सांगायचं तर, मलाही लागलं. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. वेळापत्रकात तासिका मोजल्या जायच्या, वह्या तपासणं कधीच नाही. रात्री अकरापर्यंत साठ-साठ वह्यांमधलं नको ते खोडत बसायचं, आणि सकाळी "आज तुम्हाला दोन तास ऑफ आहेत ना?" हे ऐकून घ्यायचं.

तर मंडळी, आजचा विषय माझ्या वयाला आणि पदवीला न शोभणारा आहे. कोडमधला कचरा! मला प्रोग्रॅमिंग येत नाही. पण गेले दोन रविवार नातीला समोर बसवून मी ते समजून घेतलं आहे, आणि माझं त्यावर एक मत झालं आहे. मत असलं की ते लिहून टाकायचं ही माझी जुनी खोड तुम्हाला ठाऊक आहेच.

आधी कचरा म्हणजे काय ते सांगते. आपण ब्लॉगवाल्यांना तो पटकन कळेल. लिखाणाच्या एखाद्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये लेख टाईप करून तो इथे आणून चिकटवला की काय व्हायचं, आठवतंय? वरून सगळं छान दिसायचं, पण मधेच एखादा परिच्छेद मोठ्या अक्षरात, मधेच अंतर वाढलेलं. मग कुणीतरी सांगितलं, "काकू, एचटीएमएल बघा." बघितलं तर माझ्या एका ओळीभोवती त्या सॉफ्टवेअरने स्वतःच्या आठ ओळी गुंडाळलेल्या! माझा चाळीस ओळींचा लेख आणि त्याची चारशे ओळींची बांधणी. त्यातलं मी काहीच लिहिलं नव्हतं, पण ते माझ्या नावावर होतं. पुढे मी आधी नोटपॅडमध्ये टाकून मग इथे चिकटवायला शिकले. तो माझा पहिला "क्लीन अप".

नातीच्या कामातही हेच, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. ती जावा नावाच्या भाषेत काम करते. जावात लिहिणारे लोक कोड साध्या कागदावर लिहावा तसा लिहीत नाहीत. एक्लिप्ससारखं मदतनीस सॉफ्टवेअर वापरतात. तुम्ही "मला असा असा वर्ग हवा" म्हटलंत की ते सांगाडा उभा करून देतं. रिकाम्या खोल्या, आणि प्रत्येक खोलीत एक चिठ्ठी: हे आपोआप तयार झालं आहे, इथे करायचं बाकी आहे. सोय चांगली आहे. पण माणूस घाईत असतो. तो हव्या त्या दोन खोल्या भरतो आणि बाकीच्या तशाच ठेवून पुढे जातो. चिठ्ठीसकट.

हे ऐकून मला हसूच आलं. पत्रलेखनाचा धडा शिकवला की दर वर्षी वर्गातली चार-पाच मुलं गाईडमधला नमुना जसाच्या तसा उतरवायची. इतका जसाच्या तसा, की वर उजव्या कोपऱ्यात "येथे आपला पत्ता लिहा" हे सुद्धा! विषय काय, कुणाला लिहितोय, काही पत्ता नाही. पण पत्र "पूर्ण".

या रिकाम्या खोल्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. नुसती जागा अडवतात आणि वाचणाऱ्याचा वेळ खातात. पण एक प्रकार घातक. कार्यक्रम चालू असताना काही चुकलं, म्हणजे फाईल सापडली नाही किंवा जोडणी तुटली, तर काय करायचं ते लिहिण्याची एक जागा असते. मदतनीस तिथेही आपोआप एक ओळ घालून ठेवतो: चूक पडद्यावर छापा. आणि पुढे? पुढे काही नाही. चूक झाली, ती कुठेतरी कोपऱ्यात छापली गेली, आणि कार्यक्रम काहीच झालं नाही अशा थाटात पुढे निघाला. नात म्हणाली, "आजी, हे म्हणजे पोराला ताप आला तर डायरीत लिहून ठेवायचं आणि त्याला शाळेत पाठवायचं." उपमा तिची आहे. अभिमानाने नोंदवते.

आता दुसरी गोष्ट: नल. ती "नल" म्हणाली तेव्हा मला आधी दमयंतीचा नल आठवला आणि मग स्वयंपाकघरातला नळ. पण हा तिसराच. नल म्हणजे "इथे काही नाही".

टोनी होर या इंग्रज संगणकशास्त्रज्ञाने १९६५ साली अल्गॉल डब्ल्यू नावाच्या भाषेसाठी हा नल आणला. का, तर तो घालणं फार सोपं होतं. पुढे २००९ साली लंडनच्या एका परिषदेत याच माणसाने उभं राहून सांगितलं की ती माझी अब्ज डॉलरची चूक होती. चव्वेचाळीस वर्षांनी, भर सभेत! मला या माणसाबद्दल फार आदर वाटला. आपल्याकडे फळ्यावर चुकलेली वेलांटी कबूल करायला सुद्धा लोक तयार नसतात.

चूक कसली, हे मला समजलं ते निकालपत्रकामुळे. शाळेत गुणांच्या रकान्यात शून्य लिहिलं तर त्याचा अर्थ पोरगं बसलं होतं आणि काही आलं नाही. "गैह" लिहिलं तर गैरहजर. "राखीव" लिहिलं तर निकाल राखून ठेवला. आणि रकाना कोरा असेल तर? तर काहीही! बाई गुण भरायला विसरल्या, का पेपर हरवला, का मुलाने तो विषयच घेतला नव्हता. कोऱ्या रकान्याइतकं त्रासदायक निकालपत्रकात दुसरं काही नसतं. एका वर्षी एका मुलीचा कोरा रकाना बेरीज करणाऱ्याने शून्य धरला आणि ती नापास झाली. तिचे वडील शेतावरचं काम सोडून दोनदा खेटे घालून गेले तेव्हा कुठे पेपर सापडला. अठ्ठावन्न गुण होते.

संगणकाचं याहून अवघड. तो कोरा रकाना शून्य धरत नाही. कोऱ्या रकान्याला "तुझं नाव काय" विचारायला गेला की तिथेच कोसळतो. ही जुन्या जमान्यातली गोष्ट आहे असं मी समजत होते. पण १२ जून २०२५ रोजी गुगलची क्लाऊड सेवा जगभर काही तास विस्कळीत झाली होती, तिचं कारण गुगलनेच जाहीर केलं: धोरणाच्या एका नोंदीत काही रकाने कोरे गेले, नव्याने घातलेल्या कोडने ते कोरे असू शकतील हे धरलेलंच नव्हतं, आणि ती यंत्रणा पुन्हा पुन्हा कोसळत राहिली. साठ वर्षांपूर्वीचा नल अजून आपल्यात आहे.

यावर उपाय म्हणून खुणा निघाल्या. कोड लिहिताना प्रत्येक नावाच्या आधी एक छोटी खूण करायची: "हा रकाना कोरा असू शकतो" किंवा "हा कधीच कोरा नसणार". मग तपासणारं सॉफ्टवेअर सगळं आधीच वाचून सांगतं की बाई, तुम्ही इथे कोरा असू शकणारा रकाना न विचारता वापरला आहे. कल्पना उत्तम. पण झालं काय, जावात यासाठी एकच प्रमाण खूण ठरवण्याचा प्रस्ताव २००६ साली आला आणि तो कधी पूर्णत्वाला गेलाच नाही. मग ज्याने त्याने आपापल्या खुणा काढल्या. एक्लिप्सच्या वेगळ्या (त्या २०१२ साली आल्या), दुसऱ्या मदतनीसाच्या वेगळ्या, अँड्रॉइडच्या वेगळ्या. बऱ्याच कंपन्यांनी एकत्र येऊन जेस्पेसिफाय नावाचा समाईक संच काढला, त्याची पहिली पक्की आवृत्ती २०२४ साली आली. मधल्या अठरा वर्षांत लिहिलेल्या कोडमध्ये चार-चार घराण्यांच्या खुणा नांदतात.

नात जो कोड साफ करत होती त्यात कुणीतरी मदतनीसाला सांगून सरसकट प्रत्येक ठिकाणी "कोरा नसणार" ही खूण घालून घेतली होती. प्रत्येक नावाला. एका ओळीत तीन-तीन वेळा. आणि ती दाखवून ती मला म्हणाली, "वाच." मला वाचता येईना. पण वाचता येत नसलं तरी डोळ्यांना काहीतरी ओळखीचं वाटलं. दोन मिनिटांनी आठवलं.

अनुस्वार!

माझ्या पिढीच्या वाचकांना सांगायला नको. मी प्राथमिक शाळेत असताना आम्ही "कांहीं", "नाहीं", "नांव", "पांच", "घरीं", "मुलें" असं लिहायला शिकलो. यातली बरीच टिंबं कुणी उच्चारत नसे. ती व्युत्पत्तीची टिंबं. कुठल्या तरी जुन्या रूपात तिथे अनुनासिक होतं, म्हणून. गुरुजी टिंब विसरलं की छडी मारत. आणि मग मी अकरा वर्षांची असताना, १९६२ साली, मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम शासनाने मान्य केले (१९७२ साली आणखी चार आले, असे एकूण अठरा) आणि न उच्चारली जाणारी टिंबं गेली. एका वर्षी ज्यासाठी मार खाल्ला ते पुढे चूक ठरलं! माझे वडील शेवटपर्यंत "कांहीं" लिहीत. त्यांना ते टिंब काढणं म्हणजे देवघरातला देव काढण्यासारखं वाटे.

पण गंमत पुढे आहे. सगळी टिंबं गेली नाहीत. जे टिंब अर्थ वाहतं ते राहिलं. "घरात" म्हणजे एका घरात, "घरांत" म्हणजे अनेक घरांत. "त्याचा" म्हणजे एकाचा, "त्यांचा" म्हणजे अनेकांचा किंवा आदराचा. ते टिंब काढलंत तर अर्थच बदलतो. आणि मी पन्नास वर्षं जे पाहत आले ते असं, की नको ती टिंबं गेल्यावर हवी ती टिंबं मुलांना जास्त नीट दिसायला लागली. सगळीकडेच टिंबं होती तेव्हा टिंब म्हणजे नुसता शिंतोडा होता. (मी इथे "केलं, सांगितलं" लिहिते तेव्हा टिंबं देते, ती बोलण्यातली आहेत. पत्र पाठवून कळवू नये.)

नातीला हे सांगितलं तर ती खुर्चीतून उठलीच. म्हणाली, "आजी, एक्झॅक्टली हेच!" तिने काय केलं होतं, तर संपूर्ण दालनाच्या दारावर एकदाच पाटी लावली: इथे सांगितल्याशिवाय काहीही कोरं नसतं. मग आतल्या शेकडो "कोरा नसणार" खुणा काढून टाकल्या, आणि जिथे खरोखर कोरं असू शकतं तिथेच "कोरा असू शकतो" ही खूण ठेवली. नेहमीचं आहे ते सांगायचं नाही, वेगळं आहे तेवढं सांगायचं. कोटलिन नावाची भाषा तर पहिल्या पक्क्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, हाच नियम पाळते. साधं नाव म्हणजे कोरं नाही, आणि कोरं असू शकत असेल तर पुढे प्रश्नचिन्ह. सी शार्पमध्येही २०१९ पासून तसं करता येतं. म्हणजे नातीने काही जगावेगळं केलेलं नाही.

आणखी एक प्रकार तिने काढला, तोही सांगते. प्रत्येक कामाच्या सुरुवातीला "हे कोरं तर नाही ना?" अशी विचारणा. एकाच रकान्याची, एकाच वाटेवर, सात वेळा. मला आमच्या शाळेच्या ऑफिसबाहेरची रांग आठवली. पालक दाखल्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन मुख्याध्यापकांकडे सत्यप्रत करून घ्यायला उभे. तीच कागदं, प्रत्येक खिडकीसाठी नवी प्रत आणि नवा शिक्का. साहेब मूळ कागद बघतात का? पहिले पाच बघतात. मग नुसते शिक्के. तपासणी वाढली की ती पातळ होते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. दारावर एकदाच, पण मूळ कागद हातात घेऊन तपासा. मग आत पुन्हा पुन्हा विचारू नका. आणि खोटा शिक्का शिक्का नसण्याहून वाईट. "कोरा नसणार" अशी खूण आहे आणि प्रत्यक्षात कोरं येतंय, तर पुढचा माणूस त्या खुणेवर विश्वास ठेवून फसतो. जावात ही खूण स्वतः काही अडवत नाही. ती वाचणारं कुणी असेल तरच तिला अर्थ.

आता दुसरी बाजू. नातीचे वरिष्ठ काही वेडे नाहीत. "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?" हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. आमच्या आईचं घर असंच चालायचं. मी उलटी बाजू नातीकडूनच मागून घेतली, आणि तिने मला जी गोष्ट सांगितली ती साफसफाईवाल्यांनी डोक्याशी टांगून ठेवण्यासारखी आहे.

डेबियन नावाच्या मोफत प्रणालीत २००६ साली एका सांभाळणाऱ्याने गुप्तलेखनाच्या कोडमधल्या दोन ओळी बाद केल्या. तपासणारं सॉफ्टवेअर त्या ओळींवर सारखी तक्रार करत होतं म्हणून. हेतू शुद्ध साफसफाईचा. पण त्यातली एक ओळ अंदाज करता न येणारे आकडे तयार करण्याचं मुख्य काम करत होती. ती गेल्यावर किल्ल्या बनवताना वेगळेपणा उरला तो सुमारे ३२ हजार शक्यतांपुरता. म्हणजे जगातली कुलपं उघडायला ३२ हजार किल्ल्यांचा एक जुडगा पुरे! ही गोष्ट मे २००८ मध्ये उघड झाली. जवळजवळ दोन वर्षं कुणाला पत्ता नाही.

हे ऐकून मी तिला विचारलं, "मग वरिष्ठ बरोबर म्हणतात की!" तर म्हणाली, "थांब, आता दुसरी ऐक."

४ जून १९९६. फ्रेंच गयानातल्या कुरू इथून युरोपचं एरियान-५ रॉकेट पहिल्यांदा उडालं. सुमारे ४० सेकंदांत आकाशात फुटलं. बरोबर चार वैज्ञानिक उपग्रह गेले. चौकशीत निघालं ते असं: दिशा मोजणाऱ्या यंत्रणेतला कोड आधीच्या एरियान-४ मधून जसाच्या तसा घेतला होता. त्यात उड्डाणाआधी यंत्रणा जुळवून घेणारा एक भाग होता, जो उड्डाणानंतरही सुमारे चाळीस सेकंद चालू राहत असे. एरियान-४ ला त्याचा उपयोग होता. एरियान-५ मध्ये उड्डाणानंतर त्याचं काहीच काम नव्हतं. तरी तो चालत होता. नवं रॉकेट जास्त वेगाने आडवं सरकत होतं, तो आकडा त्या भागाच्या लहान रकान्यात मावला नाही, आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तोच कोड, म्हणून तीही बंद. ज्या कामाची गरजच नव्हती त्या कामाने रॉकेट पाडलं. "चालतंय ना" म्हणूनच ते ठेवलं होतं.

आणि पैशाच्याच भाषेत बोलायचं तर नाईट कॅपिटल. अमेरिकेतली शेअरबाजारातली मोठी कंपनी. नवा कोड बसवताना आठांपैकी एका सर्व्हरवर बसवायचा राहिला. त्या एका सर्व्हरवर २००३ पासून न वापरलेला जुना कोड तसाच पडून होता, आणि नव्या कामासाठी जी खूण वापरली ती नेमकी त्या जुन्या कोडला जागं करणारी निघाली. १ ऑगस्ट २०१२ रोजी पाऊण तासात ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान. नऊ वर्षं कुणाला त्रास न देता झोपलेला कोड! त्या नऊ वर्षांत एखाद्या दुपारी कुणी तो खोडला असता तर आढाव्याच्या बैठकीत त्यालाही विचारलं असतं, "पण काम काय केलंस?"

तर या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून माझं मत असं झालं आहे. खोडणं हे काम आहेच, आणि ते लिहिण्याहून जास्त जबाबदारीचं आहे. लिहिताना आपल्याला काय म्हणायचं आहे एवढं कळलं तरी भागतं. खोडताना दुसऱ्याला काय म्हणायचं होतं तेही कळावं लागतं. डेबियनमध्ये चूक खोडण्याची नव्हती, न कळता खोडण्याची होती. तक्रार बंद करणं आणि तक्रारीचं कारण समजून घेणं यातला तो फरक. मुलाच्या वहीतली ओळ मी खोडायची तेव्हा आधी दोनदा वाचायची, कारण कधी कधी चुकलेल्या वाक्यात त्या पोराची एक खरी गोष्ट लपलेली असायची.

नातीची पद्धत मी विचारून घेतली, आणि ती मला एखाद्या चांगल्या शिक्षकासारखी वाटली. नवं काम आणि साफसफाई ती एकाच दिवशी एका गठ्ठ्यात देत नाही. वेगळी देते, म्हणजे बिघडलंच तर कशामुळे ते कळतं. आधी चाचण्या लिहिते, मग खोडते. जुना कोड "असू दे, लागला तर" म्हणून रेघ मारून तिथेच ठेवत नाही, कारण जुनं सगळं इतिहासात जपलेलं असतं, हवं तेव्हा काढता येतं. आणि जी फाईल यंत्र दर वेळी नव्याने तयार करतं तिला हातच लावत नाही, कारण पुढच्या वेळी यंत्र आपली दुरुस्ती पुसून टाकणार. तिथे तयार करणाऱ्यालाच शिकवावं लागतं. आणि बाहेरून माहिती जिथे आत येते, त्या दारावरची तपासणी तिने एकही काढली नाही.

या खोडणाऱ्यांच्या घराण्यात मोठी माणसं होऊन गेली हे मला नंतर कळलं. अ‍ॅपलमध्ये १९८२ साली लिसा नावाच्या संगणकाचं काम चालू होतं. व्यवस्थापकांनी फर्मान काढलं की प्रत्येकाने दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरून द्यायचं. बिल अ‍ॅटकिन्सन नावाच्या प्रोग्रॅमरने त्या आठवड्यात चित्रं काढणाऱ्या कोडचा एक भाग नव्याने, सोपा करून लिहिला होता. तो सुमारे सहापट वेगवान झाला आणि दोन हजार ओळी कमी झाल्या. त्याने फॉर्मवर लिहिलं, उणे दोन हजार. काही आठवड्यांनी व्यवस्थापकांनी त्याला फॉर्म भरायला सांगणं सोडून दिलं! अ‍ॅटकिन्सन २०२५ च्या जूनमध्ये गेले. डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनीही १९८८ साली हेच म्हटलं होतं, की कोडच्या ओळी हे उत्पन्न समजू नका, तो खर्च आहे. घरखर्च चालवलेल्या कुठल्याही बाईला हे चटकन कळेल.

आणि हे आजच लिहायचं कारण वेगळं आहे. पूर्वी मदतनीस सॉफ्टवेअर नुसता सांगाडा द्यायचं. आता कृत्रिम बुद्धिमत्ता खोल्या भरूनच देते. एका मिनिटात पाचशे ओळी. दिसायला सुबक, वर टिपा, खाली तपासण्या, सगळीकडे "कोरं तर नाही ना?" नात म्हणते, त्यातलं बरंच चांगलंही असतं. मी विरोधात नाही. पण लिहिणं इतकं स्वस्त झालं की वाचणं आपोआप महाग होतं. गाईडमधून उतरवलेलं पत्र निदान एकाच मुलाच्या वहीत असायचं. इथे तर गाईडच रोज नवी पत्रं लिहून कपाटात ठेवतंय, आणि त्याखाली सही माणसाची. ज्याची सही त्याने वाचलं पाहिजे. वाचलं तर त्यातलं काही खोडावंसं वाटणारच. आणि ते खोडायला वेळ मागितला तर "काम काय केलंस" असं विचारू नये, एवढंच माझं म्हणणं.

नातीने पुढच्या बैठकीत काय सांगावं यावर आम्ही दोघींनी बराच खल केला. मी म्हटलं, "उणे बाराशे लिही." ती म्हणाली, "आजी, आमच्याकडे ते बॉक्स मायनस घेत नाही." शेवटी तिने ओळींचं काही सांगितलंच नाही. साफसफाई करताना चूक गिळून पुढे जाणाऱ्या तीन जागा तिला सापडल्या होत्या, त्यातली एक ग्राहकांच्या पावत्यांशी संबंधित होती. तेवढं तिने सांगितलं. वरिष्ठांनी तारखा लिहून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी खुर्ची ओढून तासभर बसले. पुढे काय होतं ते बघू.

असो. लांबलं. हा लेख टाकण्याआधी तिला वाचायला दिला होता. तिने चार परिच्छेद खोडले. दोन मी परत घातले.